अर्धीचं ओझं

गावात तिला सगळे अर्धी म्हणत. मागून नाही, तोंडावर. अर्धीताई, चेन अडकते आहे. अर्धीताई, हा बंद उद्यापर्यंत होईल का? ती मान वर न करता म्हणायची, "ठेव तिथे." ती बुटकी होती. नाव उंचीवरून पडलं असेल, असं मी धरून चालले होते.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि डोंगर चढायला येणाऱ्यांवर जगत होतं. साहित्यात पदवी घेऊन मी तिथल्या एका छोट्या कार्यालयात लागले होते. काम सोपं होतं. नकाशे विकायचे, आणि वरच्या घरात झोपायला जागा आहे की नाही ते सांगायचं. वरचं घर म्हणजे खिंडीच्या अलीकडे, कड्याला पाठ लावून उभी असलेली दगडी इमारत. चढणारे तिथे मुक्काम करतात. तिथवर रस्ता नाही. जनावरही जात नाही, कारण मध्ये मोठमोठ्या धोंड्यांचा उतार आहे. म्हणून पीठ, तेल, साखर, साबण, मेणबत्त्या, सगळं माणसांच्या पाठीवरून जातं. ती माणसं म्हणजे ओझेवाले.

अर्धीचं दुकान माझ्या खिडकीसमोर होतं. दुकान एक, धंदे दोन. उजवीकडे तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा. डावीकडे ती सॅक, तंबू आणि जाकिटं शिवायची. मधोमध फरशीवर पांढरी रेघ होती. तिची बकलं आपल्या किल्ल्यांत सापडतात म्हणून काकांनी ती मारली होती. बकलं तरीही सापडत. रेघेवरच एक स्टूल होतं. दुपारी मी तिथे जाऊन बसायचे.

"कोणाची पाहुणी आहेस ते एकदा ठरव," काका म्हणायचे. "माझी असशील तर चहा घे. तिची असशील तर सुई ओवून दे."

मी चहा घ्यायचे आणि सुईही ओवून द्यायचे. मैत्री तशी झाली. ती माझ्या आईपेक्षा मोठी होती. मी तिला मावशी म्हणत असे.

नावाचा उलगडा जिराफने केला. जिराफ हा ओझेवाल्यांतला सगळ्यात उंच माणूस. दोन मुलींचा बाप झाला तरी त्याला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नव्हतं. नकाशांच्या टेबलावर कोपर टेकून त्याने सांगितलं.

"ती पण ओझं न्यायची. माहीत नाही तुम्हाला? ती आणि तिची धाकटी बहीण. माझ्या बापाच्या वेळची गोष्ट. एक दिवस निम्म्या वाटेत हिनं ओझं उतरवून ठेवलं आणि आली खाली. धाकटीनं आपलं पोचवलं, परत उतरली, हिचं उचललं आणि पुन्हा चढली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर म्हणाली, आमची ताई अर्धी आहे, अर्ध्या वाटेपर्यंतच येते. झालं. चिकटलं."

"एवढ्यावरून?"

जिराफने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणाच्या मयताला जाऊन हसले होते. "ओझं कोणी टाकत नाही," तो म्हणाला. "पाय मोडला तर ओझ्याजवळ बसून राहायचं. वर माणसं वाट बघत असतात. तुम्ही टाकलेलं ओझं म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी दुप्पट चढाई."

"मग ती पुन्हा गेलीच नाही?"

"मग तिनं शिलाई मशीन घेतलं."

मला कारण हवं होतं. गावात कारणं भरपूर होती. कोणी म्हणे तिच्या पाठीत उसण भरली होती. कोणी म्हणे तिला दिवस गेले होते आणि ते राहिलं नाही. कोणी म्हणे खाली गावातल्या होणाऱ्या नवऱ्याला भेटायची घाई झाली होती. हे शेवटचं काका स्वतः पसरवत. मी एकदा सरळच विचारलं.

"का ठेवलंस गं खाली?"

तिने दाताने दोरा तोडला. "कंटाळा आला."

"म्हणजे?"

"म्हणजे कंटाळा. पाय चालत होते. पाठ धड होती. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. वाटलं, नको. ठेवलं."

"आणि इतकी वर्षं लोकांना काहीही बोलू दिलंस?"

"त्यांनी माझ्यासाठी एवढी कारणं शोधली. माझ्याकडे त्यातल्या एकाच्याही तोडीचं नव्हतं. गप्प बसले."

काकांनी कुलपात किल्ली फिरवून पाहिली. "मला भेटायला आली होती," ते म्हणाले.

"तुम्ही तेव्हा कोण होतात?" ती म्हणाली. "मी ओळखतही नव्हते तुम्हाला."

धाकटी नंतर वरच्या घराची रखवालदारीण झाली. बर्फ वितळलं की वर जायची, पुन्हा पडायला लागलं की खाली यायची. वर बोलायचा वायरलेस माझ्या कार्यालयात होता. मावशी संध्याकाळी येऊन त्यावर बोलायची. दोघींचं भांडण नव्हतं. बोलणं पांघरुणांचं असायचं.

"ताई, मागच्या खेपेला एका पांघरुणाला भोक होतं."

"उंदीर तुझे आणि भोक माझं होय?"

"शिवायची तू ना?"

"शिवते. राखण करत नाही. जेवलीस?"

"जेवले. तू?"

"जेवते आता. ठेव."

त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला धाकटी मध्येच थांबली आणि म्हणाली, "ताई, हा शेवटचा हंगाम. गुडघे गेले. पुढच्या वर्षी माझ्या जागी एक जोडपं येतंय."

"बरं," मावशी म्हणाली.

ती रस्ता ओलांडून दुकानात गेली. मी चहाचे पेले परत द्यायला मागोमाग गेले. ती मशीनवर बसली नाही. उभीच राहिली.

"जिराफला निरोप द्या," तिने काकांना सांगितलं. "हंगाम संपायच्या आत एक ओझं माझ्यासाठी ठेवायला सांगा. पूर्ण ओझं. बायकांचं म्हणून कमी करायचं नाही."

काकांची कानस थांबली. "शिंगं मोडून वासरांत शिरायचं वय आहे का हे?"

"मला शिंगं होती कधी?"

"होती. लग्नात सासरच्यांना दिसू नयेत म्हणून तुझ्या आईनं पदर पुढे ओढला होता."

ती हसली नाही. "तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मला एक ओझं ठेवायचं आहे," ती म्हणाली. "माझ्या हातानं. ती तिथे आहे तोवर. ती उतरल्यावर तो ओटा कोणाचा का असेना, मला काय त्याचं?"

एवढंच होतं. तिला बहिणीला काही सांगायचं नव्हतं, काही विचारायचं नव्हतं. ओट्यावर ओझं ठेवायचं होतं.

निरोप मिळाल्यावर दुकानात आलेल्या जिराफने मात्र डोकं खाजवलं. "ओट्यावर कसं ठेवाल, अर्धीताई? शेवटच्या वळणावर द्यावं लागतं ना."

ती रीत मला माहीत नव्हती. वरचं घर दिसू लागतं त्या वळणावर रखवालदार स्वतः उतरून येतो. ओझेवाल्याच्या पाठीवरचं ओझं आपल्या पाठीवर घेतो. तिथून पुढे ओझेवाला पाहुणा. हात हलवत दारात शिरायचं. मागितलेलं ओझं न देणं म्हणजे यजमानाला त्याच्याच घराबाहेर उभं करणं. दोन ओझेवाल्यांची याच्यावरून मारामारी झाल्याचं जिराफला आठवत होतं.

"ती येते का अजून वळणावर?" मावशीने विचारलं.

"कुठली येते! दोन हंगाम झाले. पायरी उतरताना भिंत धरते. आम्हीच नेतो दारापर्यंत."

"मग झालं तर," मावशी म्हणाली.

ती ज्या इमारतीत राहायची तिला लिफ्ट नव्हती. जिन्यावर तिने सराव सुरू केला. सॅकमध्ये भरायला काकांची मोडकी कुलपं होती. ती चढायला लागली की सगळ्या मजल्यांना कळायचं. आधी काठ्यांचं टकटक, मग कुलपांचा खळखळाट, मग तिचा श्वास.

तळमजल्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून ओरडायचा, "मावशी, एवढी कुलपं घेऊन कुठली तिजोरी फोडायची आहे?"

"तुझ्या गिऱ्हाइकाचा कान बघ आधी," ती वरून म्हणायची.

मी कधीकधी तिच्याबरोबर चढायचे. ती जशी चढायची तसं चढणं मी आधी पाहिलं नव्हतं. पाऊल लहान, एका पायरीपुरतं. पुढचा पाय टेकला की लगेच त्यावर जायचं नाही. मागचा गुडघा क्षणभर ताठ करायचा, म्हणजे भार मांसावर नाही, हाडावर राहतो. तेवढ्यात मांडीला विसावा. मग पुढचं पाऊल. इतकी वर्षं बसून काम केलेल्या बाईचे पाय हे विसरले नव्हते. विसरला होता तो श्वास. दुसऱ्या मजल्यानंतर तिचा चेहरा राखेसारखा व्हायचा. ती कठड्याला टेकायची नाही. काठ्यांवर वाकून उभी राहायची, घाम नाकाच्या शेंड्यावरून गळायचा, आणि तो पुसायला हात मोकळा नसायचा.

सॅक तिने स्वतः शिवली. खांद्यांच्या पट्ट्यांत दुहेरी गादी घातली. कमरेचा पट्टा रुंद केला. लोंबणारा एकही बंद तिला खपायचा नाही. आयुष्यभर लोकांच्या लोंबत्या बंदांनी फाटलेल्या सॅका तिच्या टेबलावर आल्या होत्या. तिने प्रत्येक पट्टा शेवटच्या खाचेपर्यंत ओढला, टोकं दुमडली आणि शिवून टाकली. सॅक तिच्या पाठीला साल चिकटावी तशी चिकटली. मला वाटलं, याहून चांगली सॅक असूच शकत नाही.

हंगामाच्या शेवटाला, आभाळ स्वच्छ असताना, जिराफने ओझं बांधून दिलं. पीठ, साखर, तेलाचा डबा, साबणाच्या वड्या. मी माझी छोटी पिशवी आणि काठ्या घेऊन बरोबर निघाले. कार्यालयाला दोन दिवस कुलूप लावलं, काकांनीच नवं दिलं. ते निरोपाला रस्त्यापर्यंत आले.

"दमलीस तर बस," ते म्हणाले.

"बसेन."

"आणि टाकावंसं वाटलं तर टाक. मी म्हणेन मला भेटायला आली."

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. भरलेली सॅक एकदम पाठीवर घेता येत नाही. तिने ती आधी मांडीवर घेतली, एक हात पट्ट्यातून घातला, अंग वळवून ती पाठीवर फिरवली, दुसरा हात घातला. मग पुढे वाकली, ओझं पाठीवर वर उडवलं आणि ते खाली यायच्या आत कमरेच्या पट्ट्याचं बकल लावलं. छातीचा पट्टा लावला. काठ्यांच्या बंदांतून हात खालून वर घातले. मग चालायला लागली.

जिराफ आणि बाकीचे ओझेवाले झपाझप पुढे गेले.

पहिली चढण झाडीतली होती. माती मऊ होती. काठी टेकली की टोक आत जायचं आणि उपटताना चिकटायचं. काठी, पाऊल, काठी, पाऊल. थोड्याच वेळात तिचा श्वास जिन्यातल्यासारखा झाला. मग त्याहून वाईट. श्वास आत जायचा पण पुरता जायचा नाही, वरच्या वर परतायचा. ओठ निळसर दिसू लागले. मी म्हणाले, "मावशी, थांबू या."

ती थांबली. काठ्यांवर वाकली. "वय," ती म्हणाली. "वय झालं. बाकी काही नाही."

आम्ही अशाच थांबत गेलो. थांबण्यांमधलं अंतर कमी होत गेलं. मला मनात वाटून गेलं की ही तिथवरसुद्धा पोचणार नाही, जिथे तिने तेव्हा ठेवलं होतं. वरून एक म्हातारा ओझेवाला रिकामी सॅक घेऊन उतरत होता. तो तिला पाहून थबकला. वळसा घालून तिच्यासमोर आला आणि तिच्या छातीकडे बोट दाखवलं.

"अर्धे, हे काय बांधलंयस? शवासारखं?"

"काय झालं?"

"छातीचा पट्टा बघ की. श्वास काय खिशातून काढणार आहेस?"

तिने पट्टा सैल करायला बोट घातलं. सैल होईना. टोक तिने स्वतःच दुमडून शिवलं होतं. म्हाताऱ्याने चाकू काढून टाके उसवले. पट्टा सुटला. तिने श्वास घेतला, तो आत गेला, आणि बराच वेळ आतच जात राहिला.

"लोकांच्या सॅका शिवतेस," म्हातारा म्हणाला, "जरा घालूनही बघत जा." आणि उतरून गेला.

ती मोठ्याने हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. "अगं, लोक खांदे दुखतात म्हणून येतात माझ्याकडे," ती म्हणाली. "छाती आवळते म्हणून कोणी आलंच नाही. ते बहुधा वाटेतच राहत असतील."

तिथून चाल सुधारली. झाडी संपली. वारा लागला. पायवाट आडवी-तिडवी वर जाऊ लागली. घामाने भिजलेली पाठ थांबलं की गार पडायची, म्हणून थांबणंही नकोसं व्हायचं. तिच्या हातांची बोटं सुजली होती. खांद्यांपासून खाली हात आपले वाटत नाहीत, असं ती म्हणाली. ते तक्रारीसारखं नव्हतं. दुकानात कापड संपलंय असं सांगावं तसं.

धोंड्यांच्या उतारावर ती म्हणाली, "बंदातून हात काढ."

"का?"

"पडलीस तर काठी फटीत अडकते आणि अंगठा जातो. हात मोकळा असला की नुसती काठी जाते."

मी हात काढले. तिनेही काढले. आणि पडली तीच. एक धोंडा तिच्या पायाखाली किंचित हलला. बिनओझ्याचा माणूस त्यावर तोल सावरतो. ओझ्याच्या माणसाचं ओझं आधी हलतं आणि माणूस त्याच्यामागे जातो. ती सावकाश मागे गेली आणि सॅकवर उताणी पडली. हात-पाय वर. उलटलेल्या कासवासारखी.

"लागलं का?"

"नाही. पिठावर पडले."

मी तिचा कमरेचा पट्टा सोडायला वाकले. तिने माझं मनगट धरलं.

"सोडू नकोस."

"अगं, बाहेर ये, उठ, मग परत घाल. दोन मिनिटं."

"काढलं तर परत घालीन याची मला खात्री नाही."

ती आभाळाकडे बघत बोलत होती. मी पट्टा सोडला नाही. ती कुशीवर वळली. मग गुडघ्यावर आली. दोन्ही तळवे धोंड्यावर टेकून बराच वेळ रांगत्या अवस्थेत राहिली. ओझं तिच्या मानेपर्यंत सरकलं होतं. मी काठ्या आणून दिल्या. त्या रोवून, एक पाय, मग दुसरा, ती उभी राहिली. तिने मला मदत करू दिली नाही. मीही फार आग्रह केला नाही.

उतार पार झाल्यावर मी विचारलं, "ती जागा कुठे आहे? जिथे ठेवलं होतंस?"

"मागे गेली," ती म्हणाली.

"कधी?"

"तू पाणी पीत होतीस तेव्हा."

मी वळून पाहिलं. सगळे दगड सारखे होते.

शेवटची चढण लांब नव्हती पण उभी होती. तिने काठ्या आखूड केल्या. आता ती पावलं टाकत नव्हती, एक-एक पाऊल ठरवत होती. प्रत्येकानंतर थांबत होती. मी मागून तिच्या पोटऱ्या बघत होते. त्या दोरासारख्या ताणून येत आणि सुटत. तिच्या तोंडून एक आवाज येत होता, कण्हणं नाही, मशीनच्या चाकासारखा काहीतरी. एकदा ती म्हणाली, "ओटा खिडकीखाली आहे." मी म्हणाले, "हो का." ती म्हणाली, "दगडी आहे."

आम्ही वळणावर आलो. घर दिसलं. आणि धाकटी दिसली.

जिराफने वर सांगितलं असणार. ती वाटेच्या मधोमध उभी होती, एक हात खडकाला धरून. ती मावशीहून उंच होती. कमरेला ओला एप्रन, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. वर दारात ओझेवाले आणि मुक्कामाची माणसं उभी राहून बघत होती.

"आलीस," धाकटी म्हणाली.

"आले."

"दे."

"नको."

"दे म्हणते ना, ताई."

"दोन वर्षं वळणावर आली नाहीस. आजच कुठून पाय फुटले?"

"फुटले नाहीत. घासत आले. दे इकडे."

"हात लावू नकोस. मी ओट्यावर ठेवणार आहे."

"ओटा काय पळून चाललाय? घर माझं आहे अजून. तू ओझं घेऊन पुढे आणि मी हात हलवत मागे, असं जायचं मी? सगळे बघतायत वरून."

"माझ्या वेळीही सगळे बघतच होते."

वाऱ्याने धाकटीच्या एप्रनचं टोक फडफडलं. मग ती म्हणाली, "मी गंमत केली होती गं."

"माहीत आहे."

"एकदाच म्हणाले होते. देवाशपथ, एकदाच."

"एकदाच लागतं," मावशी म्हणाली.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. मावशीच्या काठ्यांची लोखंडी टोकं दगडावर वाजत होती. मी मनात म्हणत होते, देऊ नकोस. इथवर आणलंस, देऊ नकोस. शंभरेक पावलांचा प्रश्न होता.

ती बहिणीच्या गुडघ्यांकडे बघत होती. एका पट्टीची गाठ सुटली होती आणि टोक जमिनीला लागत होतं.

तिने छातीचा पट्टा सोडला. मग कमरेचा.

"मावशी," मी म्हणाले.

"खालून धर," तिने मला सांगितलं.

आम्ही दोघींनी सॅक धाकटीच्या पाठीवर चढवली. मावशीने तिच्या खांद्यांचे पट्टे बसवले, कमरेचा लावला, वाकून गुडघ्याच्या पट्टीची गाठ मारली. स्वतःच्या काठ्या लांब करून तिच्या हातात दिल्या. धाकटीने मान हलवली. यजमानिणीने हलवावी तशी. आणि वळून घराकडे निघाली. मावशी तिच्या बाजूने चालू लागली. ओझं गेल्यावर माणूस नीट चालत नाही. ती पुढे-पुढे कलंडत होती, कोणी मागून ढकलल्यासारखी.

निम्म्यात धाकटी थांबली.

ती काठ्यांवर वाकली. मला वाटलं, श्वास घेते आहे. पण ती हलेना. जिराफ एक पाऊल पुढे आला आणि थांबला, कारण त्याला रीत माहीत होती. मला माहीत असून मी पुढे झाले. मावशीने हात आडवा धरला. मला अडवलं, आणि तो हात तिने बहिणीकडे नेला नाही. खाली घेतला. नुसती उभी राहिली.

"ताई," धाकटी खाली बघत म्हणाली.

"काय गं?"

"खाली ठेवावंसं वाटतंय."

"वाटतं."

"गुडघ्यांचं नाही म्हणत मी. ते दुखतातच रोज. हे निराळंच आहे. नुसतं नको वाटतंय."

"हं."

"तुला असंच झालं होतं?"

"असंच."

धाकटीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मावशीने तिच्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होते आणि त्या दोघींच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. रडू नव्हतं. हसू नव्हतं. मग धाकटीने एक काठी पुढे रोवली.

स्वयंपाकघरात ओटा खिडकीखालीच होता. धाकटी त्याला पाठ करून उभी राहिली आणि सॅक त्यावर टेकवली. पण पट्टे सोडले नाहीत. तशीच टेकून राहिली.

"सोड," ती म्हणाली.

मावशी उंबऱ्यात होती. आत गेली. बहिणीच्या कमरेचा पट्टा सोडला, मग खांद्यांचे एकेक. धाकटी सॅकमधून बाहेर आली. ओझं ओट्यावर राहिलं.

"बस बाहेर," धाकटी म्हणाली. "चहा करते."

मावशी बाहेर आली आणि बाकावर बसली. ओझेवाल्यांनी सरकून जागा केली. जिराफने चहाचा पेला आणून दिला. तिची बोटं अजून काठी धरल्यासारखी वळलेली होती, उघडत नव्हती. त्याने पेला त्यांच्यात तसाच बसवला, आणि तिने तो दोन्ही हातांनी तोंडाकडे नेला.